गाडीच्या रंगावरची जाळी आणि बारीक ओरखडे हाताने काढायचे तर

काळी किंवा गडद निळी गाडी उन्हात उभी करा आणि बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडतं तिथं नीट बघा. प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची गोल जाळी दिसली, तर तेच स्वर्ल मार्क. खरं तर या रेघा गोल नसतात. त्या सरळ-तिरक्या, सगळ्या दिशांना पसरलेल्या असतात. त्यातल्या प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्या चमकतात, बाकीच्या लपतात, म्हणून डोळ्याला वर्तुळं दिसतात. टॉर्च सरकवली की जाळीही तिच्याबरोबर सरकते. पांढऱ्या आणि सिल्व्हर गाड्यांवरही रेघा तेवढ्याच असतात, फक्त सहज नजरेत येत नाहीत.

कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: कोरड्या धुळीवरून फिरलेलं फडकं. सोसायटीत सकाळी गाड्या पुसणाऱ्याकडे बादली एक, फडकं एक आणि गाड्या पंधरा. पहिल्या गाडीची वाळू पंधराव्या गाडीवर घासली जाते. त्यात शेजारी इमारतीचं काम चालू असेल तर धुळीत सिमेंट आणि क्रश सँडचे कण असतात. मऊ म्हणून विकली जाणारी झटकणीही हेच करते, कारण धूळ उचलली जाण्याआधी ती रंगावरून ओढली जाते.

आधी थर समजून घ्या

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर चार थर असतात: गंजरोधक ई-कोट, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे मिळून साधारण ९० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. स्वर्ल मार्क असतात ते या क्लिअर कोटच्या अगदी वरच्या भागात.

ओरखडा 'भरून' निघत नाही. पॉलिशिंग म्हणजे ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट बारीक अपघर्षकाने घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणं. चर जितकी खोल, तितका भोवतालचा थर जास्त कमी होणार, आणि तो पुन्हा वाढत नाही. ऊन सोसणारी यूव्ही-रोधक द्रव्यंही याच थरात असतात. गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून सात-आठ मायक्रॉनपेक्षा जास्त काढू नये, असा कामातला ठोकताळा आहे. हाताने केलेल्या एखाद्या फेरीत एक मायक्रॉनही जात नाही, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. पण दर दिवाळीला कंपाउंड मारायची सवय लागली तर हिशोब बिघडतो. म्हणून शंभर टक्के रेघा काढायचा हट्ट धरू नका. सत्तर-ऐंशी टक्के गेल्या आणि दोन-चार खोल रेघा उरल्या, तर त्या राहू द्याव्यात. चार हात अंतरावरून त्या दिसत नाहीत आणि खालचा थर शाबूत राहतो.

जुन्या मारुती ८००, अँबॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनीवर क्लिअर कोट नसायचा, आणि आजही काही साध्या, चमचम नसलेल्या रंगांत तो नसू शकतो. ओळखायला सोपं आहे: दाराच्या खालच्या कोपऱ्यात फडक्याला थोडं पॉलिश लावून घासा. फडक्यावर गाडीचाच रंग आला तर तो एकेरी रंग. गाडी पांढरी असेल तर ही चाचणी काळ्या किंवा निळ्या फडक्यावर करा, पांढऱ्यावर काही कळणार नाही. एकेरी रंगालाही पॉलिश करता येतं, फक्त फडकी लवकर भरतात आणि वारंवार बदलावी लागतात. मेटॅलिक किंवा पर्ल गाडीच्या बाबतीत मात्र फडक्यावर रंग आला, तर तिथं क्लिअर कोट संपलेला आहे. लगेच थांबा.

कोणता ओरखडा हाताने निघतो

स्वच्छ धुतलेल्या ओरखड्यावरून नख आडवं, अगदी हलकं फिरवा. नख अडकत नसेल तर निघेल. किंचित जाणवत असेल तर बोथट होईल, पूर्ण जाणार नाही. नख अडकून थांबत असेल तर ते हाताच्या पॉलिशचं काम नाही. दुसरी खूण पाण्याची: ओरखड्यावर पाणी फवारा. ओला असताना तो गायब होत असेल तर क्लिअर कोटमध्येच आहे. ओला असूनही पांढरा-करडा दिसत असेल तर प्रायमर उघडा पडलाय, आणि चकाकता पत्रा दिसत असेल तर आधी टच-अप रंग लावा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात गंज धरेल.

बंपरवरचे पुष्कळसे 'ओरखडे' ओरखडे नसतातच. पार्किंगमधल्या खांबाचा पिवळा रंग, दुसऱ्या गाडीचं रबर किंवा डांबर वर चिकटलेलं असतं. टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन एक मिनिट ठेवा आणि पुसा. उरलेलं पॉलिशने जातं. आपल्या रंगात चर पडली आहे की परका रंग वर बसला आहे, हे न बघता कंपाउंड घासत सुटू नये.

मॅट फिनिशच्या गाडीला यातलं काहीच करू नका. चमकलेला डाग पुन्हा मॅट होत नाही. पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म, लावलेल्या भागालाही कंपाउंड नको. सिरॅमिक कोटिंग असेल तर पॉलिशबरोबर तेही निघून जातं, ते नंतर पुन्हा करावं लागेल. डेंटिंग-पेंटिंग करून आलेल्या पॅनेलला निदान महिनाभर, शक्यतो दोन महिने, हात लावू नका. गॅरेजचा रंग तोवर आतून पुरता सुकलेला नसतो.

सामान

दुकानात रबिंग, कंपाउंड, पॉलिश आणि वॅक्स हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, त्यामुळे लेबल वाचून घ्या. कंपाउंड कापतं. पॉलिश त्याहून बारीक कापतं आणि चमक आणतं. वॅक्स काहीच कापत नाही, फक्त वर बसतं. स्पेअर पार्टच्या दुकानातली डब्यातली जाडसर रबिंग पेस्ट घेऊ नका. ती ताज्या रंगावरच्या सँडपेपरच्या रेघा काढण्यासाठी, मशिनवर चालवायला असते. हाताने वापरली तर जेवढ्या रेघा जातील तितक्याच नव्या येतील. हातासाठी मेग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड आणि त्याच मालिकेतलं अल्टिमेट पॉलिश ही जोडी सोयीची आहे, कारण त्यांचे कण मुळातच एकसारखे बारीक असतात आणि चालायला मशिनची उष्णता लागत नाही. इतर कंपन्यांचं घेतलं तरी बाटलीवर 'हाताने वापरण्यास योग्य' असा उल्लेख आणि 'क्लिअर कोटसाठी सुरक्षित' ही खात्री हवी.

एका बॉनेटला दोन्ही मिळून ५० मिलीच्या आसपास लागतं, म्हणजे ४५० मिलीची बाटली पूर्ण गाडी करूनही उरते. बाकी सामान असं:

- गोल फोम अ‍ॅप्लिकेटर, चार इंची, पाच-सहा नग. जास्त कापायला हवं असेल तर दोन मायक्रोफायबरचे.
- मायक्रोफायबर फडकी आठ-दहा, ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कापडाची जाडी) किंवा वरची. शिवलेलं लेबल आधीच कापून टाका, त्याची कड रंगाला खरवडते.
- कार शाम्पू, दोन बादल्या, धुण्यासाठी मायक्रोफायबरचा हातमोजा.
- क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, ५० ग्रॅम पुरे.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्प्रेची बाटली, मास्किंग टेप.
- पांढऱ्या एलईडीची टॉर्च. मोबाइलचा फ्लॅशही चालतो.

अल्कोहोल केमिस्टकडे किंवा केमिकलच्या दुकानात मिळतं. ९९ टक्क्यांचं असेल तर एक भाग अल्कोहोलला पाच भाग पाणी. त्याऐवजी हातांचं सॅनिटायझर वापरू नका. त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, ते काचेसारखा थर सोडतं आणि रेघा झाकतं. हे मिश्रण फवारताना जवळ विडी-सिगारेट किंवा उदबत्ती नको.

धुणं आणि क्ले

काम सावलीत करायचं. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर-अकोल्याकडे हे पहाटेच जमतं, नऊनंतर बॉनेट तव्यासारखं तापतं आणि कंपाउंड लावल्या लावल्या वाळतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सर्वांत बरा काळ.

आधी नुसत्या पाण्याने, वरून खाली, सुटी धूळ पूर्ण वाहून जाऊ द्या. पाणी कमी असेल तर दोन लिटरचा प्रेशर स्प्रे वापरा, पण कोरड्या धुळीला हातमोजा लावू नका. मग एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. एक पॅनेल झालं की मोजा आधी साध्या पाण्यात खळखळून धुवायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. टपापासून सुरुवात करून दारांचा खालचा भाग आणि बंपर सर्वांत शेवटी. फडक्याने घासून पुसण्यापेक्षा मोठं मायक्रोफायबर पसरून ठेवा आणि उचला. पाणी शोषलं जातं.

बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून फडक्याने लावा, एक-दोन मिनिटांत पुसून भरपूर पाण्याने धुवा. तरीही गोल कडा दिसत राहिली तर क्षाराने क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडलाय. तो ओरखड्यासारखाच पॉलिशने काढावा लागतो.

धुतल्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवरून बोटं फिरवा. खरखर लागते ना? ती चिकटलेली घाण. रेल्वे रुळांशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रुतलेले असतात. हलक्या रंगावर ते तपकिरी ठिपके म्हणून दिसतात. ही खरखर तशीच ठेवून पॉलिश केलं तर तेच कण फोममध्ये अडकून नव्या रेघा ओढतात.

क्ले मळून बिस्किटाएवढा चपटा करा. पृष्ठभाग शाम्पूच्या पाण्याने किंवा क्लेसोबत येणाऱ्या द्रवाने सतत ओला ठेवा, आणि अजिबात दाब न देता सरळ रेषेत मागे-पुढे सरकवा. सुरुवातीला तो अडखळतो, आवाज येतो. गुळगुळीत सरकू लागला की तेवढा भाग झाला. दर दोन फुटांनी घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. जमिनीवर पडलेला क्ले टाकून द्यायचा, धुऊन वापरायचा नाही, पैसे गेल्याचं वाईट वाटलं तरी. क्लेमुळे काही भुरकट रेघा उमटतात, त्या पुढे निघतात. म्हणूनच पॉलिश करायचं नसेल तेव्हा नुसता क्ले मारू नये.

शेवटी काळं प्लॅस्टिक, रबरी बीडिंग, हेडलॅम्पच्या फटी आणि नंबर प्लेटच्या कडा मास्किंग टेपने झाका. पत्र्याच्या धारांवर आणि बॉनेटच्या उठावदार घड्यांवरही टेप लावा. तिथं रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि हाताचा सगळा दाब त्या अरुंद रेषेवर येतो.

एक फूट बाय एक फूट

आता सगळं यश अवलंबून आहे ते एका छोट्या चौकोनावर. बॉनेटच्या मध्यभागी टेपने ३० सेंटीमीटरचा चौकोन आखा. टॉर्च तिरकी धरून फोटो काढा, आणि टॉर्च व मोबाइल कुठं धरला होता ते लक्षात ठेवा. नंतर त्याच कोनातून बघितलं तरच फरक कळतो. ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या नव्या दिसतात.

नेहमी हलक्यापासून सुरुवात. आधी पॉलिश आणि फोम. त्याने भागलं तर कंपाउंडची बाटली उघडूच नका. नाही भागलं तर कंपाउंड आणि फोम, तरीही नाही तर कंपाउंड आणि मायक्रोफायबर अ‍ॅप्लिकेटर. ज्या जोडीने काम झालं तीच पूर्ण पॅनेलला वापरायची.

कोऱ्या अ‍ॅप्लिकेटरवर पहिल्यांदा पाच-सहा थेंब लावून बोटाने सगळीकडे पसरवा, म्हणजे कोरडा फोम रंगावर घासत नाही. त्यानंतर दर चौकोनाला वाटाण्याएवढे तीन थेंब. जास्त लावलं तर फोम द्रवावर तरंगतो आणि कापत नाही. कमी लावलं तर कोरडा घासतो. आधी दाब न देता चौकोनभर पसरवा.

मग तळहात सपाट ठेवून घासा. बोटांच्या टोकांनी दाबू नका, चार बोटांचे चार पट्टे उमटतात. हालचाल सरळ रेषेत: आडव्या आठ-दहा फेऱ्या, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या अर्ध्यावर चढलेली, मग तितक्याच उभ्या, आणि हेच आलटून-पालटून. गोल फिरवूनही रेघा कापल्या जातात, पण हाताने राहिलेल्या खुणा गोल असल्या तर त्या कुठूनही बघितलं तरी चमकतात. सरळ असल्या तर फक्त एकाच कोनातून. शेवटची फेरी गाडीच्या लांबीच्या दिशेनेच मारा.

दाब किती, हे शब्दांत सांगणं कठीण आहे म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. त्यावर अ‍ॅप्लिकेटर ठेवून तळहाताने दाबा आणि काटा तीन-चार किलोच्या आसपास येईल तो जोर हाताला लक्षात ठेवू द्या. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण एक किलोच्या आतच दाबतात आणि 'काही फरकच पडला नाही' म्हणतात. उलट टोकाचेही असतात. सगळं शरीर झोकून दाबलं की फोम चपटा होतो, मधली हवा निघून जाते आणि कापण्याऐवजी तो सरकतो. पहिल्या दोन तृतीयांश वेळात पूर्ण दाब, मग हळूहळू कमी, शेवटच्या चार फेऱ्यांत फक्त हाताचं वजन. वेग सेकंदाला साधारण एक फेरी.

दीड-दोन मिनिटांत द्रव पांढऱ्यावरून पारदर्शक, तेलकट दिसू लागतो. तिथं थांबा. पूर्ण वाळून भुकटी होईपर्यंत घासलं तर ती भुकटीच ओरखडे काढते. मायक्रोफायबर चारदा दुमडून, हलक्या हाताने पुसा. हटत नसेल तर जोर लावू नका. अल्कोहोलचं मिश्रण फवारा, दहा सेकंद थांबा आणि पुसा.

अल्कोहोल तसंही मारायचंच आहे. पुष्कळ कंपाउंड-पॉलिशमध्ये तेलं आणि भरण असतं, ते चरांत बसून त्या झाकतं. पुसल्यावर गाडी आरशासारखी दिसते आणि दोन धुण्यांनंतर सगळी जाळी परत. अल्कोहोलने तेल निघालं की खरं काय गेलं आणि काय राहिलं ते समोर येतं. टॉर्च पुन्हा त्याच कोनात धरा. अर्ध्याहून अधिक रेघा गेल्या असतील तर आणखी एक किंवा दोन वेळा तेच करा. तीन वेळा करूनही न गेलेली रेघ चौथ्यांदा सहसा जात नाही.

कंपाउंड मारल्यावर चौकोनावर हलकी धुरकट छटा दिसू शकते, विशेषतः काळ्या रंगावर. ही चूक नाही. ती कंपाउंडच्या स्वतःच्या अतिसूक्ष्म रेघांची. नवा, स्वच्छ फोम घेऊन पॉलिशची एक फेरी, अर्ध्या दाबाने, मारली की ती जाते आणि रंगाची खोली दिसते. कंपाउंडचा फोम पॉलिशला वापरायचा नाही, कितीही धुतला तरी.

चौकोन जमला की बॉनेट अशाच आठ-दहा भागांत वाटून घ्या, प्रत्येक नवा चौकोन आधीच्यावर दोन बोटं चढवून. दर दोन-तीन चौकोनांनंतर अ‍ॅप्लिकेटर बदला किंवा जुन्या टूथब्रशने झाडा. एका हॅचबॅकच्या बॉनेटला अडीच-तीन तास धरून चला. दुसऱ्या दिवशी खांदा दुखणार. पूर्ण गाडी हाताने करायची तर चार-पाच सुट्ट्या जातील, आणि खरं सांगायचं तर एवढं काम असेल तेव्हा ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर भाड्याने आणणं किंवा विकत घेणं शहाणपणाचं. हाताचं काम शोभतं ते बॉनेट, डिकीचं झाकण, एखादं दार, आणि जिथं मशिन पोचतच नाही तिथं.

तशी पहिली जागा म्हणजे दाराच्या हँडलमागची वाटी. नखांनी आणि अंगठ्यांनी तिथं दाट रेघा पडलेल्या असतात. फोम अ‍ॅप्लिकेटरचा कापलेला तुकडा दोन बोटांवर घ्या, वाटाण्याएवढं पॉलिश, आणि वाटीच्या वळणाबरोबर मिनिटभर घासा. दहा मिनिटांत चारही दारं होतात आणि फरक लगेच दिसतो. शिकायला हीच जागा घ्यावी, बिघडली तरी झाकलेली आहे. दुसरी जागा दारांमधल्या खांबांवरचं चकचकीत काळं प्लॅस्टिक. ते रंगाहून मऊ असतं, म्हणून तिथं कंपाउंड नको, फक्त पॉलिश आणि निम्मा दाब.

एकुलता एक लांब ओरखडा असेल तर त्याच्या लांबीच्या दिशेने नव्हे, त्याला आडवं किंवा तिरकं घासा, दोन्ही बाजूंना तीन-चार इंच सोडून. लांबीच्या दिशेने घासलं की फोमचे कण चरीत उतरून ती उलट रुंद करतात. दोन हजार नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा बारीक सँडपेपर) मारून कंपाउंड करायचा सल्ला गॅरेजमध्ये सहज मिळतो. त्यांच्याकडे मशिन असतं, तुमच्याकडे हात. त्या पेपरच्या रेघा हाताने काढता काढता संध्याकाळ होईल, आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र नसताना किती उरलं हे कळायला मार्ग नाही. पेपरपासून लांबच राहा.

बिघडतं कुठं

काहीच फरक दिसत नसेल तर बहुधा दाब कमी आहे, द्रव जास्त आहे किंवा चौकोन मोठा घेतला आहे. दोन फुटांचा चौकोन हाताने सांभाळता येत नाही, एका टोकाला पोचेपर्यंत दुसरं वाळतं. हे सगळं बरोबर असूनही रेघा हलत नसतील तर क्लिअर कोट कडक आहे. मायक्रोफायबर अ‍ॅप्लिकेटर घ्या. युरोपीय गाड्यांवर हे जास्त आढळतं. उलट काही जपानी गाड्यांचा काळा रंग इतका मऊ की पुसण्याच्या फडक्यानेही रेघ उमटते. तिथं पॉलिशच पुरे होतं आणि फडकं नवंकोरं हवं.

कामाच्या मध्येच नव्या खोल रेघा दिसू लागल्या तर ताबडतोब थांबून अ‍ॅप्लिकेटर बघा. त्यात एखादा वाळूचा कण अडकलेला असतो. वाऱ्यावर उघड्यावर काम केलं की हे होतंच. जमिनीवर पडलेलं फडकं बाजूला टाका. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुतली तर त्यांचा कापूस तंतूंत अडकतो, आणि कम्फर्टसारखं सॉफ्टनर घातलं तर तंतूंवर थर बसून ती शोषेनाशी होतात. वेगळी धुवा, सावलीत वाळवा.

काळ्या प्लॅस्टिकवर कंपाउंड लागून वाळलं तर पांढरा डाग बसतो. ओलं असतानाच पुसा. वाळलंच तर शाम्पूचं पाणी आणि मऊ टूथब्रश. काम झालेला भाग इतका चमकतो की शेजारचा भाग मळकट वाटू लागतो, हे मात्र बिघडणं नाही. दुरुस्ती पॅनेलच्या कडेपर्यंत नेली की जोड दिसत नाही. मध्येच सोडली तर दिसतो.

टूथपेस्टबद्दल विचारलं जातंच. तिच्यात अपघर्षक असतं, त्यामुळे एखादी रेघ फिकी होतेही. पण ते दातांसाठी मोजलेलं असतं, क्लिअर कोटसाठी नाही, आणि मागे राहणारी धुरकट छटा काढायला शेवटी पॉलिशच आणावं लागतं. खोबरेल तेल किंवा डब्ल्यूडी-४० लावल्यावर ओरखडा नाहीसा झाल्यासारखा दिसतो कारण चर तेलाने भरते. पहिल्या धुण्याला तो परत येतो. मध्ये त्या तेलावर धूळ चिकटून बसते ती वेगळीच. रॉकेल मारलेलं फडकं हा जुन्या ड्रायव्हरांचा आवडता उपाय, चमक संध्याकाळपर्यंतची.

वॅक्स आणि त्यानंतरची धूळ

पॉलिश झालेला रंग उघडा असतो, त्याच दिवशी वर काहीतरी लावा. शेवटचं अल्कोहोल मारून वॅक्स किंवा सिंथेटिक सीलंट (वॅक्ससारखाच वर बसणारा कृत्रिम थर) अगदी पातळ पसरवा. बॉनेटला चमचाभर पुरतं. बोट फिरवून स्वच्छ पट्टा उमटला की पुसायला तयार. आपल्याकडच्या उन्हात कार्नोबा वॅक्स महिना-दीड महिना टिकतं, सीलंट तीन-चार महिने. पावसाळ्यात गाडी काढायची तर सीलंटच बरं. जाड थर जास्त टिकतो हा गैरसमज आहे, तो फक्त पुसायला त्रास देतो.

पुढे जाळी पुन्हा पडणार की नाही, हे गाडी कोण आणि कशाने पुसतं यावर आहे. पुसणाऱ्याला आपल्या गाडीपुरती वेगळी बादली आणि चार मायक्रोफायबर द्या, आणि रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा, आधी पाणी मारून पुसायला सांगा. महिन्याला पन्नास-शंभर रुपये वाढवून दिले तर बहुतेक जण आनंदाने ऐकतात. पाण्याची टंचाई असेल तर रिन्सलेस वॉशचं (नंतर पाण्याने धुवावं न लागणारं) द्रव साधारण ३० मिली सात-आठ लिटर पाण्यात घ्या. आधी फवारून धूळ भिजू द्या, मग भिजलेल्या फडक्याने एकाच दिशेने, एक बाजू मळली की दुसरी घडी. कव्हर स्वच्छ गाडीवरच घाला. मळक्या गाडीवरचं कव्हर वाऱ्याने फडफडत दिवसभर घासत राहतं.

आणि दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचा हार बांधाल तो पूजेपुरता. तारेत ओवलेला हार लावून गाडी पळवली की तारेचं टोक आणि देठं बॉनेटवर आपटत राहतात, आणि तिथल्या रेघा बहुतेक वेळा नखाला अडकणाऱ्या असतात. हळदीकुंकवाचं स्वस्तिक वाळल्यावर कोरड्या फडक्याने खरवडू नका. पाण्याने पाच मिनिटं भिजवा, सुटून वाहू द्या, मग शाम्पूचा हातमोजा. पिवळट-गुलाबी डाग उरलाच तर पॉलिशचा एक थेंब आणि फोमच्या चार-पाच हलक्या फेऱ्या पुरतात, आणि तेवढ्या जागेवर पुन्हा वॅक्स.